उणे अठरा

दिवाळे गावात, जेट्टीकडे उतरणाऱ्या गल्लीत
दोन शटरं आणि मध्ये बर्फाची खोली.
डावं चांगदेवचं: लाद्या, थर्माकोल, दोन टेम्पो.
उजवं हेमलताचं: पापलेट, सुरमई,
वाशीच्या हॉटेलांना पहाटे पाचला.
बहीणभावाची वाटणी झाली तेव्हा
वजनकाटा त्याच्याकडे गेला, क्रेट मोजून निम्मे निम्मे.
खोली तेवढी कापता आली नाही.
तिचा थर्मामीटर त्याच्या भिंतीवर,
तिचा कॉम्प्रेसर हिच्या मीटरवर.

"मना तिचा नेट नको," चांगदेव म्हणाला.
"त्याला नको? बरा. मना पन त्याचा नको," हेमलता म्हणाली.
खोलीचे आकडे मात्र दोघांनाही दिसायला हवे होते.

मागच्या गणपतीत हेमलताच्या पोरानं
या डब्यातून त्या डब्यात सरळ वायर खुपसली होती.
दोन्ही डबे एकाच कंपनीचे,
पेटीतून निघाले तसे लावलेले,
दोघांचीही समजूत की एक नंबर आपलाच.
कुणाचा मोबाइल कुणाच्या दारानं बाहेर पडतोय कळेना.
मामाचे सिनेमे हिच्या नेटवरून उतरले,
आणि आकडा रात्रभर उणे सोळावर अडकून बसला,
आत सुरमई मऊ पडली तरी.
सकाळी जे बोलणं झालं
त्यानंतर बोलणं झालेलं नाही.

तर आधी नंबर.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट,
इथवर गल्लीतली सगळी घरं सारखी.
त्यापुढे एक कुणाचा?
तो म्हणे मी थोरला.
ती म्हणे दुकान पहिलं मी टाकलं.
मी त्याला दहा दिला, तिला वीस.
एक कुणालाच नाही.

खोलीच्या वरच्या कोपऱ्यात जुन्या पाइपाचं भोक होतं,
त्यातून वायर ओढली.
बोटं बधिर. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
चौथ्या तारेला रंगच दिसेना, बाहेर येऊन उन्हात धरली.

मग चांगदेवच्या डब्यात नियम लिहिला:
विसाकडचं जे असेल ते या वायरीनं.
बाकी सगळं, बँक, सिनेमे, दोह्यातला मेव्हणा,
आपल्या आपल्या दारानं.

हाक मारली. चार वेळा.
चारही वेळा पडद्यावर तेच: वेळ संपली.
चांगदेव खुर्चीत रेलला.
"बग. उत्तर द्याची नाय. पयल्यापासून तशीच."

मी उजव्या शटरात गेलो.
तिच्या डब्याच्या नोंदीत चारही हाका होत्या,
सेकंदासकट.
आणि चारही उत्तरं निघालेली.
फक्त दहा नंबर कुठे राहतो ते त्या डब्याला कुणी सांगितलंच नव्हतं,
म्हणून त्यानं ती नेहमीच्या दारानं लावून दिली,
खांबावरून, पाम बीच रोडच्या खालून,
जिथे घरातल्या नंबरांना कुणी ओळखत नाही
अशा कुठल्याशा यंत्रापर्यंत.
भिंतीपलीकडे जायचं उत्तर
तिथे टाकून दिलं गेलं.

परत येऊन चांगदेवला हे सांगितलं.
तो जरा वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"म्हंजे दिला व्हता?"
डब्यानं, मी म्हणालो.
मी डब्याचंच बोलतोय.

तिच्याकडे दुसरा नियम लिहिला, उलटा:
दहाकडचं जे असेल ते या वायरीनं.
एंटर दाबलं आणि तिच्या पडद्यावर आकडा आला.
उणे अठरा.
हेमलतानं चष्मा पुसून पुन्हा वाचला,
मग दारात जाऊन, कुणाकडे न बघता,
मोठ्यानं म्हणाली, "अठरा हाय."
पलीकडे शटराच्या आतून, थोड्या उशिरानं,
"म्हाईत हाय."

बिलं दोन करा, दोघंही म्हणाले.
अकरा मीटर वायर: साडेपाच, साडेपाच.
कनेक्टर एक, एक.
भोक आधीपासूनच होतं,
त्याचे पैसे मी लावले नाहीत.